राखून ठेवलेला गुडघा

चहाचा रिकामा कप उचलून नलिनी खुर्चीतून उठली आणि तिच्या उजव्या गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला. आवाज तो केवढा! समोरच्या अर्धवट इमारतीवर स्लॅब पडत होता, मिक्सरची घरघर सकाळपासून चालू होती, खाली कुणाची तरी गाडी मागे येताना कोकलत होती आणि आत उत्कर्षाचा, म्हणजे सूनबाईंचा, कुकर फुरफुरत होता. एवढ्या गदारोळात तो आवाज ऐकू यायला माणसाचे कान वेगळेच असावे लागतात. दादासाहेबांचे होते. उभी हयात सांगलीला एसटीच्या वर्कशॉपात फोरमन म्हणून गेलेली. गाडी फाटकातून आत वळली की पाठ करून उभे असले तरी सांगायचे, पुढचं डावं बेअरिंग चाललंय, आजच बदला. आता फोनवरचं बोलणं त्यांना धड ऐकू येत नसे, पण दोन वस्तू एकमेकींवर जशा बसायला हव्यात तशा बसल्या नाहीत की जो आवाज होतो, तो त्यांच्या कानाला अजून बरोब्बर लागायचा. वर्तमानपत्र हातात तसंच राहिलं.

"काय झालं?" नलिनीने विचारलं.

"आवाज आला."

"कसला?"

"तुझ्या गुडघ्यातून."

"येईना का. त्रेसष्टची झाले. आता माझ्यातून नाही यायचा आवाज तर कुणातून यायचा?" असं म्हणून ती हसली आणि कप घेऊन आत गेली. दुखतंय का, हे त्यांनी मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं तर ती "थोडंसं" म्हणाली असती, आणि नलिनीचं थोडंसं म्हणजे काय, हे जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. मुलाच्या, कौस्तुभच्या, वेळी कळा सोसवेनात तेव्हाही ती सुईणीला थोडंसंच दुखतंय म्हणाली होती. गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या आधी तो सुजून पायाचा आकार राहिला नव्हता, जिना उतरताना ती भिंतीला धरून आडवी आडवी उतरायची, तेव्हाही थोडंसंच. या एका शब्दाचा अर्थ लावायला त्यांना पंचवीसेक वर्षं लागली होती. आपल्यामागे तो कोण लावणार, हा विचार हल्ली त्यांना कुठेही गाठायचा. दाढी करताना, नातीच्या, किमयाच्या, बुटांची नाडी बांधताना, भाजीवाल्याकडे सुटे घेताना. आणि गाठला की थोडा वेळ हातातलं काम थांबायचं.

हा सगळा घोळ सुरू झाला तो दोन वर्षांपूर्वी. कौस्तुभने हिंजवडीच्या नोकरीच्या सोयीने पुण्याबाहेर चांदे गावात फ्लॅट घेतला, आईवडिलांना सांगलीहून आणलं, आणि आणल्या आणल्या आईच्या गुडघ्याचं मनावर घेतलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर सुनीती वयाने लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी टेबलावर सांध्याचा नमुना ठेवला. वर धातूची गुळगुळीत टोपी, खाली धातूचीच बैठक, आणि मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची जाड चकती. दादासाहेबांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला, वाकवला, सरळ केला, बोट फिरवून पाहिलं. काम स्वच्छ होतं. त्यांना मनापासून आवडलं. आणि मग ज्या माणसाने आयुष्यभर हाच प्रश्न विचारला त्याने तो इथेही विचारला. "किती टिकतो?" डॉक्टर म्हणाल्या, "पंधरा वर्षं तर अगदी आरामात, काका." त्या बापडीने धीर द्यायला सांगितलं. कौस्तुभला धीर आला, नलिनीलाही आला. दादासाहेबांनी मात्र नमुना टेबलावर ठेवताना मनातल्या मनात बेरीज केली होती. तेव्हा ती एकसष्टची आणि ते अडुसष्टचे. पंधरा वर्षांनी ती शहात्तरची. आणि त्यांच्या घराण्यात पंच्याहत्तरी कुठल्या पुरुषाने पाहिलेली नव्हती. म्हणजे हा सांधा ज्या दिवशी जाईल त्या दिवशी आपण नसणार. कौस्तुभ कुठल्या देशात असेल सांगता येत नाही. कुठल्यातरी इस्पितळाच्या लांबलचक बोळात बाकावर ती बसलेली त्यांना दिसली. पदर सारखा करत, आल्यागेल्याकडे बघून ओशाळं हसत. कुणीतरी कोवळा डॉक्टर विचारतोय, आजी, दुखतंय का, आणि ती सांगतेय, थोडंसं. आणि तो पोरगा ते खरं मानून पुढे निघून जातोय.

हे चित्र त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगायची पद्धतच नव्हती. दुरुस्ती दिसत असताना रडत बसणाऱ्यांतले ते नव्हते आणि दुरुस्ती त्यांना लगेच दिसली होती. वर्कशॉपात नवीन लागलेल्या पोरालाही ते पहिल्या दिवशी शिकवायचे की गाडी किती वर्षांची आहे हे विचारू नकोस, धावली किती ते विचार. झिजतं ते चालण्याने. उभ्या गाडीचं बेअरिंग झिजत नाही. त्यांच्या डेपोत हैबतराव म्हणून एक ड्रायव्हर होता. ब्रेकवर पाय असा ठेवायचा की गाडीतल्या माणसाची झोप मोडू नये. इतरांच्या गाडीचे ब्रेक-लायनर दोनदा बदलून व्हायचे तरी हैबतरावच्या गाडीचे अजून चांगले असायचे. दादासाहेब नव्या ड्रायव्हरांना ते काढून दाखवायचे, बघा रे, याला म्हणतात वापरणं. तर मग गुडघाही तसाच वापरला, निम्माच वापरला, तर पंधराचे तीस का होऊ नयेत? तीस वर्षांनी ती एक्क्याण्णवची. तिथपर्यंत पुरेल. आपण नसू, पण गुडघा असेल.

आणि यात फार वेगळं असं काही आपण करतोय असंही त्यांना वाटलं नाही, कारण त्या घराचा तो रिवाजच होता. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, टूथपेस्ट लाटण्याने लाटायची, आणि चांगलं जे काही असेल ते ठेवणीत. नलिनी या शास्त्रातली तर पंडिताच. लग्नात आलेले काचेचे सहा पेले तिने पाहुण्यांसाठी म्हणून ठेवले होते, आणि त्या पेल्यांच्या लायकीचे पाहुणे काही चाळीस वर्षांत सांगलीला फिरकले नाहीत. हिरवी पैठणी कौस्तुभच्या लग्नात एकदा नेसली आणि घडी मोडली म्हणून आठवडाभर हळहळत होती. अशा घरात नवाकोरा गुडघा आला तर तो ठेवणीतलाच होणार, दुसरं काय होणार!

सुरुवात मात्र गोड झाली. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता तो सकाळी उठून आलं किसायला लागला. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी, फोन तिच्या खुर्चीपाशी. उंच कोनाड्यातले देव खाली, बसून हात पुरेल एवढ्या उंचीवर आले. भाजी ते आणणार, दळण ते आणणार, दाराची घंटा वाजली की "तू बस" म्हणून धावत सुटणार. नलिनीने डोळे मिचकावून विचारलं होतं, "एवढी वर्षं कुठे होतात हो?" आणि दादासाहेब चक्क लाजले होते. इमारतीतल्या बायका तिला म्हणायच्या, काकू, नशीब काढलंत. ती कौतुक करून घ्यायची, खुर्चीत रेलून बसायची. त्यांना हे पाहून भरून यायचं. आपल्या हातून या बाईसाठी काहीतरी नीटनेटकं, शेवटपर्यंत पुरणारं होतंय असं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करायची, पण दहाच्या जागी तीन झाले की हे म्हणायचे, पुरे, आजच्याला पुरे. मग देवळात जाणं सुटलं, कारण पायऱ्या. सोसायटीच्या बागेतली फेरी सुटली, कारण फरशा वरखाली. भाचीच्या लग्नाला सांगलीला गेले, तर नलिनी मांडवाच्या कडेला खुर्चीत बसून राहिली आणि सगळे तिलाच येऊन भेटून गेले, एखाद्या थोर माणसाला भेटावं तसे. तिने तेही सोसून घेतलं. ती कधी बोलली नाही. म्हणजे एकदाच, तेही बोलणं म्हणता येईल की नाही कोण जाणे. एका रविवारी कौस्तुभ सगळ्यांना गाडीतून कासारसाईच्या धरणावर घेऊन गेला होता. तो, उत्कर्षा आणि किमया धरणाच्या भिंतीवर चढले. हे दोघं खाली गाडीत. दादासाहेब संत्रं सोलून, शिरा काढून एकेक फोड तिला देत होते. वर किमयाचा फ्रॉक वाऱ्याने फुगलेला दिसत होता. नलिनी काचेतून तिकडे बघत म्हणाली, "वर वारा असेल, नाही?" दादासाहेबांनी तत्परतेने तिच्या बाजूची काच खाली केली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होती, पण फोड तोंडात टाकली. ती नजर त्यांना आत्ता, हातात वर्तमानपत्र धरून बसलेले असताना, का आठवावी? कट्. एवढं जपूनही आवाज आला. मग चुकलं कुठे? तेल कमी पडलं? बसवतानाच वाकडं बसलं? की त्यांचा डोळा चुकवून ती चालत होती? दुपारी ते झोपले की चोरून चालते की काय ही? हा संशय येताच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आणि लाजेच्या आत कुठेतरी, ती चालत असली तर बरंच आहे, असंही काहीतरी हललं. ते काय होतं हे त्यांनी नीट बघितलं नाही.

दहाच्या सुमाराला लीलाबाई आली. चांद्यातली मूळची. आजूबाजूची तिची सगळी जमीन बिल्डरला गेलेली, बंगला झालेला, मागच्या खोल्यांत हिंजवडीची पोरं भाड्याने राहत. पण दोन इमारतींच्या मधला भाताचा एक तुकडा तिने हट्टाने राखला होता, तो यांच्या गॅलरीतून दिसायचा. नलिनीची आणि तिची ओळख इस्पितळात, व्यायामाच्या खोलीत झाली. दोघींचे गुडघे एकाच आठवड्यात बदललेले. एक रडायची तेव्हा दुसरी तिला हसवायची. तेव्हापासून लीलाबाई शेतातलं काही निघालं की घेऊन यायची. जिन्याने. लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरा व्हायचा.

"परवा भाताची झोडणी हाय, ताई," मेथीची जुडी टेबलावर ठेवत ती म्हणाली. "खळ्यावरच जेवान करायचं हाय. तांदळाची भाकर आन् पावट्याची आमटी. तुमी दोघं बी या. ह्ये काय हितं खालीच तर हाय, बांधावरनं धा पावलं."

नलिनीने दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेब म्हणाले, "आज गुडघ्यातून आवाज आलाय तिच्या. बांधावरनं नाही जमायचं."

"आवाज? माजा रोज येतोय की. कदी कदी तर मांजर बी दचाकतंय." लीलाबाईला हसू आवरेना. "आवो, खुरपाया जाती मी. खाली बसाया येत न्हाई तर पालथ्या घमेल्यावर बसती. डाक्टरनं गुडगा चालाया दिलाय का फडताळात ठिवाया? लई जपताय तुमी, दादासायेब. सोन्याचा हाय व्हय?"

"सोनं झिजलं तर पुन्हा घडवता येतं, लीलाबाई," ते म्हणाले. त्यांना वाटलं आपण फार मार्मिक बोललो. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी ठरवली आणि नलिनीला पुण्याला डॉक्टर सुनीतींकडे घेऊन गेले. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली, तेव्हा दादासाहेब न सांगता उठून जवळ गेले. पांढराशुभ्र, ठसठशीत, टोपी आणि बैठक, मधली जागा दोन्हीकडे अगदी सारखी. "उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे सैल नाही, चकती झिजल्याचं नाव नाही. कालच बसवल्यासारखा आहे." दादासाहेबांची छाती फुगली. हैबतरावचे लायनर नव्या पोरांना दाखवताना फुगायची तशीच. पण डॉक्टर आता फिल्म सोडून नलिनीकडे वळल्या होत्या. त्यांनी तिला पाय दुमडायला सांगितला. पाय काटकोनापाशी आला आणि तिथेच अडला. डॉक्टरांनी हाताने हलकेच आणखी ढकलला, तशी नलिनीने ओठ दाबले. मग त्यांनी टेपने मांडीचा घेर मोजला, आधी डावीचा, मग उजवीचा, आणि पुन्हा एकदा उजवीचा. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"ऑपरेशननंतर घरी जाताना हा यापेक्षा जास्त वाकत होता, काकू. आणि ही मांडी बघा किती सुकलीय. मांडी सांध्याला धरून ठेवते. ती अशी ढिली पडली की धातू प्लास्टिकवर टेकताना आवाज येतो. आवाजाचं काही नाही, तो कुणाचाही येतो. पण तुम्ही चालता किती रोज?"

दादासाहेबांनी तोंड उघडलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पण नलिनीच आधी बोलली. "मीच आळशी आहे हो," ती म्हणाली. "हे बिचारे सारखे मागे लागतात, चल म्हणून. मलाच कंटाळा." आणि इतकं सहज, इतकं खरं वाटावं असं हसली, की डॉक्टरांनी तिला प्रेमाने रागावून घेतलं. दादासाहेब उभेच होते. फिल्मच्या मागचा दिवा त्यांच्या तोंडावर पडला होता. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने आपल्याला कुठे कुठे असं झाकून घेतलं असेल, हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं आणि त्यांना तिथे उभं राहवेना.

"पण डॉक्टर, चालून झिजतो ना तो?" त्यांनी कसंबसं विचारलं. "पंधरा वर्षं म्हणाला होतात तुम्ही."

"झिजतो थोडा. पण काका, ते पंधरा वर्षं म्हणजे औषधाच्या बाटलीवरची तारीख नव्हे. शंभर जणांना हा सांधा बसवला तर पंधरा वर्षांनी त्यातल्या नव्वदाहून जास्त जणांचा चालूच असतो. वीस वर्षांनीही पुष्कळांचा असतो. धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, मांडी घालून बसायचं नाही. बाकी चालायला काय हरकत आहे? चालण्यासाठीच तर बसवला. आणि खरं सांगू? काकू अशाच बसून राहिल्या, तर हा त्यांच्यानंतरही राहील." असं म्हणून डॉक्टर हसल्या, नलिनीही हसली, आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारली गेली.

परतीच्या वाटेवर सूसच्या खिंडीत गाडी चढाला लागली तेव्हा नलिनीचा डोळा लागला होता. तिचं डोकं हळूहळू घसरत त्यांच्या खांद्यावर आलं. दादासाहेब बाहेर बघत होते, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्यांच्यानंतरही राहील. ते वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं आणि तिथे आपल्या पायांनी हिंडायला लागलं. बरोबरच आहे. धातू तो. जळत नाही. त्यांना स्मशान दिसलं, आणि तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला आलेला कौस्तुभ. राखेत काठीला काहीतरी टणक लागतं. तो उचलून, पाणी घालून धुतो, तर टोपी तशीच्या तशी, गुळगुळीत, चकचकीत. कुठे ओरखडा नाही. बाबांनी किती छान जपला होता, कुणीतरी म्हणतं. आतापर्यंत रोज त्यांना भीती वाटत होती ती गुडघा आधी जाईल याची. ती आधी जाईल आणि गुडघा मागे राहील, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. घराण्यातल्या पुरुषांची वयं तेवढी त्यांनी मोजली होती. दोन वर्षं. दोन वर्षं त्यांनी एक धातूचा तुकडा सांभाळला आणि त्याच्या भोवतीची बाई सुकू दिली. खांद्यावरच्या डोक्याचा भार त्यांना जाणवला, तिच्या केसांना येणारा खोबरेलाचा वास आला, आणि हे डोकं उबदार आहे, आत्ता आहे, या एवढ्याशा गोष्टीने त्यांचे डोळे भरून आले. ड्रायव्हरला आरशात दिसू नये म्हणून ते खिडकीकडे वळायला गेले, पण वळले असते तर ती जागी झाली असती. म्हणून तसेच बसले. ड्रायव्हरने पाहिलं असेल. पाहू दे.

रात्री ते नीटसे जेवले नाहीत. सकाळी गॅलरीत आले तेव्हा खाली लीलाबाईच्या तुकड्यात झोडणी सुरू झाली होती. सारवलेल्या खळ्यावर लाकडी ओंडका आडवा टाकला होता, त्यावर भाताच्या पेंढ्या आपटत होत्या, आणि धपधप असा आवाज एका लयीत वर येत होता. एका बाजूला लीलाबाईचा नवरा गेणबा पेंढा रचत होता. लीलाबाई पालथ्या घमेल्यावर बसून सूप घोळवत होती. तिने वर पाहून हात केला. "ताई! येताय न्हवं?" नलिनी दादासाहेबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने हात उलट हलवला, नाही म्हणून. किती सरावाने हलवला! त्यांना ते बघवलं नाही.

"नलू, मी तो राखून ठेवत होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच. चाळीस वर्षं होऊन गेली, तुम्ही एखादी वस्तू जपायला लागलात की कळत नाही का मला?" ती कठड्यावर हात ठेवून खाली बघत बोलत होती. "आधी आवडलं मला. तुम्ही मागेपुढे करत होतात ते. मग कंटाळा आला. मग वाटलं, आता बोलले तर तुमच्या जिवाला लागेल. किती मन लावून करत होतात सगळं."

"कशासाठी राखत होतो ते नाही तुला माहीत," दादासाहेब म्हणाले. आयुष्यात न बोललेली गोष्ट ते पहिल्यांदा बोलत होते, गॅलरीत, उघड्यावर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या साक्षीने. "मी नसेन ना, तेव्हा तुला पुरायला हवा म्हणून. तेव्हा तुझं कोण करणार? तुझं थोडंसं कुणाला कळणार?"

नलिनी वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण ती रडत नव्हती. संतापली होती. इतकं संतापलेलं त्यांनी तिला फार क्वचित पाहिलं होतं.

"तुम्ही नसाल तेव्हा मला कुठं जायचंय चालत?" ती म्हणाली. "सांगा ना. कुठं जायचंय? ऑपरेशन मी कुणासाठी करून घेतलं? मरणाच्या भीतीने त्या टेबलावर झोपले ती कशाला? जन्मभर तुम्ही भरभर पुढे जायचात आणि मी मागून पाय ओढत यायची. म्हटलं, आता दोघंही रिकामे आहोत, आता जरा बरोबरीने चालू. तर तुम्ही मला खुर्चीत बसवलंत, तुम्ही गेल्यानंतरच्या दिवसांसाठी!"

खाली धपधप चालूच होती. दादासाहेब आत गेले, दाराशी गेले, आणि चपलांच्या कपाटाच्या तळातून तिच्या चालण्याच्या सँडल काढल्या. ऑपरेशननंतर कौस्तुभने आणलेल्या, अजून तळव्याला माती न लागलेल्या. नलिनी मागोमाग आली होती. तिला वाकून पट्टे लावता येणार नव्हते हे दोघांनाही माहीत होतं. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिने त्यांच्या डोक्यावर हात टेकून तोल सांभाळला आणि एक पाय पुढे केला, मग दुसरा. त्यांनी पट्टे ओढून घट्ट बसवले, बोट घालून पाहिलं, जरा सैल केले. तिच्या पायाच्या करंगळीजवळ लहानशी भोवरी होती, ती त्यांना आजच दिसली.

"झालं," ते म्हणाले आणि उठायला गेले, तर उठता येईना. पाय भरून आले होते. एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला, आणि ओशाळून तिच्याकडे वर पाहिलं. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता. तरी तिने हात पुढे केला, दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि त्यांना वर ओढायला लागली. त्यांनी भिंत चाचपली, पण ती हाताला लागेना. आणि मग त्यांनी भिंत शोधायचं सोडून दिलं. त्यांचा सगळा भार तिच्या हातावर, तिच्या त्या सुकलेल्या मांडीवर, उजव्या गुडघ्यावर गेला. दादासाहेबांनी तो जाऊ दिला.